रत्नाच्या रताळ्यांची राखण

रत्नाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. हिर्डोशीची मंडळी नदीकाठी उन्हात ताटकळली. कोणी म्हणालं, तिला जिलेबी आवडायची, जिलेबी ठेवा. ठेवली. तरी नाही. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "तुझा रताळ्यांचा वाफा मी राखीन." तेव्हा कावळा आला, आणि सगळे जेवायला गेले.

थोड्याच दिवसांत वाफ्यात घूस शिरली. वेल वरून हिरवा, खाली रताळं अर्धं कुरतडलेलं. शब्द चारचौघांत दिला होता. पिंजरा आणला. त्यात काय लावायचं ते ठरवायला तीच मंडळी माझ्या ओट्यावर जमली.

"भजी लावा, दाजी," रत्नाचा भाऊ धनाजी म्हणाला. त्याचं पानशेतला हॉटेल आहे. "वासावर पुण्यासनं माणसं येत्यात. घूस तर हितलीच हाय."

"ती गाभण असंल गेनू," आळीतल्या थोरल्या साळूबाई म्हणाल्या. "तिला शिरा लाव. तूप सढळ घाल."

शेजारचा कोंडिबा म्हणाला, "बोंबील भाजा, आबा. जरा जास्तच भाजा."

"एका घुशीला जास्त कशाला?"

"जळालं तर? हाताशी असावं."

सगळं लावून झालं. पिंजऱ्यात एक तुकडा जायचा, बाकीचं ओट्यावर संपायचं. घूस रताळीच खात राहिली. ज्याला जे आवडतं, ते तो घुशीच्या नावावर सांगत होता. दहाव्यालाही तसंच झालं असणार. जिलेबी रत्ना तोंडाला लावत नव्हती.

तेल संपलं, तसं मंडळींचं येणं थांबलं. वाफ्यात शेवटची एक ओळ उरली. घरात माझ्या हातची भाकरी होती, कडेला करपलेली, मधे कच्ची. मागं कोंडिबाला दिली होती, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, दात कामाचं हायेत माजं." तीच पिंजऱ्यात लावली.

सकाळी घूस आत. बातमी गेली, मंडळी आली.

"भज्याचा वास पिंजऱ्यात मुरला व्हता," धनाजी म्हणाला.

"मुरतो तो बोंबील," कोंडिबा म्हणाला. "आता बुडवा तिला, आबा."

मी वाकून बघितलं. घूस अजून भाकरी खात होती. रत्ना गेल्यापासून माझी भाकरी एवढी मन लावून कोणी खाल्ली नव्हती. मीसुद्धा नाही.

पिंजरा उचलून मी ओढ्यापलीकडे नेला आणि दार उघडलं. शेवटचा तुकडा संपवूनच ती बाहेर पडली. तिकडं कोंडिबाचा भुईमूग आहे.

आता त्याच्या ओट्यावर बैठक बसेल. मला विचारलं, तर मी थालीपीठ लावायला सांगणार आहे. कांदा बारीक चिरून, वर लोण्याचा गोळा. रत्ना गेल्यापासून खाल्लं नाही.