खुडूक कोंबडीखालची शिकार

मित्रांनो, मी वन्यजीव संरक्षण कायद्याचे एक जुने पुस्तक आहे. माझी निळी कापडी पाठ विरली आहे. उघडून धरले की पाने हातात येतात.

नाशिकच्या एका छापखान्यात मी तयार झाले. १९९२ साली वनरक्षक सावळीराम यांनी मला घेतले. सायखेड्याच्या पुढे, गोदाकाठच्या पक्षी अभयारण्यात त्यांची नेमणूक होती. सायकलच्या कॅरिअरला बांधून ते मला गावोगाव नेत. पारावर माणसे जमली की माझे दुसरे कलम उघडत. त्यात शब्दांच्या व्याख्या आहेत. शिकार म्हणजे मारणे, विष घालणे, फासे लावणे, इथपर्यंत ते खड्या आवाजात वाचत. व्याख्या पुढे लांब होती. तोवर लोक उठू लागत आणि तेही मला मिटत. लोक त्यांना पाणी देत, माझे कौतुक करत. मला ते आवडे.

१९९६ च्या श्रावणात कोणीतरी कळवले, की काठावरच्या एका गावात विठाबाईंच्या घरी, अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली पाणकोंबडीची पाच अंडी आहेत. म्हशीसाठी पाणकणसाचे गवत कापताना त्यांनी ती घरट्यातून उचलली होती. सावळीराम गेले. दारात उभे राहून त्यांनी ती व्याख्या पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. रानपक्ष्याची अंडी किंवा घरटे हलवणे, हीसुद्धा शिकारच.

"शिकार? म्या?" विठाबाई म्हणाल्या. "भाऊ, हातात इळा हाय माझ्या, बंदूक नाय. पाणी चढत व्हतं. वाहून गेली असती ती."

शेजारचा पुंजा हसला. "सायेब, कोंबडीला बी धरा. वर तीच बसलीय!"

बाकी कोणी हसले नाही. गुन्हा नोंदवला तर विठाबाईंना तालुक्याच्या कोर्टात उभे राहावे लागणार होते. त्या हळूच म्हणाल्या, "इतक्या सभा घेतल्या तुमी. अंड्याचं कधी बोलला व्हता का?"

सावळीरामांनी मला मिटले. ते पाण्याकडे गेले. घरटे खरेच बुडाले होते.

अहवालात त्यांनी सगळे लिहिले. शेवटी एक ओळ घातली: 'व्याख्या मी गावात पूर्ण वाचून दाखवली नव्हती. चूक माझी आहे.' विठाबाई ताकिदीवर सुटल्या. सावळीरामांना मेमो मिळाला आणि बढती राहून गेली. अंडी कोंबडीखालीच ठेवली; त्यांतून चार पिल्ले निघाली, ती पाणकणसात सोडली. पुढे जगली की नाही, मला कळले नाही.

नंतर नवी पुस्तके आली. मी त्यांच्या घरच्या कपाटात गेले. बारा वर्षे कोणी मला उघडले नाही.

मागच्या महिन्यात सावळीराम वारले. त्यांची मुलगी कपाट आवरत होती. रद्दीवाला दारात उभा होता. तिने मला गठ्ठ्यावर ठेवताना पाने सुटली, आणि दुसऱ्या कलमात अंडी-घरट्यांच्या ओळीशी पेन्सिलीने काढलेली रेघ तिला दिसली. शेजारी वडिलांचे अक्षर होते: 'इथून आधी वाचणे.'

तिने तिथून वाचले. मोठ्याने, शेवटपर्यंत. दारातल्या रद्दीवाल्याशिवाय ऐकायला कोणी नव्हते.

"हे राहू दे," ती रद्दीवाल्याला म्हणाली.

मित्रांनो, मी थकले आहे. मला नवे कव्हर घालू नका, शोकेसमध्येही ठेवू नका. एवढेच करा, लोकांसमोर मला उघडाल तेव्हा ते उठू लागले म्हणून मिटू नका. त्यांना थोडे बसा म्हणा.