धोंडिरामचं निळं पिंप

धोंडिरामनं दिव्याचं बटण दाबलं, टाकीतला मधला पडदा वर ओढला आणि श्वास रोखून उभा राहिला. रात्रभर पडद्याच्या अल्याड-पल्याड ठेवलेले नर आणि मादी एकमेकांकडे झेपावले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले हे झेब्रा मासे उजेड झाल्याशिवाय अंडी घालत नाहीत. त्यामुळे त्यांची पहाट बटणावर उगवायची, आणि बटण धोंडिरामच्या हातात. नरानं मादीला कोपऱ्यात गाठलं, दोघंही थरथरली, आणि खसखशीएवढे पारदर्शक दाणे जाळीतून तळाशी उतरू लागले. धोंडिरामनं तातडीनं शिवलीला मॅडमना फोन लावला. मॅडम अंघोळीला गेल्यात असं कळलं, तेव्हा त्यानं त्यांच्या सासूबाईंनाच माशांच्या बाळंतपणाची सविस्तर बातमी दिली.

असा हा माणूस. सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई, सगळ्यांचा मामा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा, पण जीव लावणारा. तोंडात तीळ भिजत नसे. विभागात एखादा बेडूक मेला तरी संध्याकाळी गल्लीला त्याचं कारण माहीत असायचं.

याच विभागात शिकवणाऱ्या शिवलीला मॅडम मूळच्या कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीच्या. टॉवेल-चादरींचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी ज्या नाल्यात सुटतं, त्या पाण्यात माशाचा गर्भ कसा वाढतो, हे त्या तपासत होत्या. प्रयोग दोनदा फसला होता. एकदा वीज गेली म्हणून, एकदा बुरशी लागली म्हणून. आता त्या ताकही फुंकून पीत होत्या. निम्मी अंडी नाल्याच्या पाण्यात, निम्मी चोख पाण्यात ठेवायची. चोख पाण्यातली पिल्लं धडधाकट निघाली, तरच नाल्याच्या पाण्याला दोष देता येणार. चोख पाणी म्हणजे क्लोरीन उडून जावा म्हणून उघडं ठेवलेलं नळाचं पाणी. ते साठवायची काचेची टाकी त्याच आठवड्यात तडकली होती, तेव्हा धोंडिरामनं कुणाला न विचारता घरून निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. स्कूटरवर पिंप बांधून येताना त्यानं सात रस्ता चौकात निम्मी वाहतूक अडवली, आणि वर पोलिसालाच सांगितलं की हे संशोधनाचं काम आहे.

घरी तसलंच दुसरं पिंप होतं. गल्लीत घरटी एक होतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. एका रंगकारखान्याच्या मागच्या दारातून रिकामी पिंपं मिळतात हे धोंडिरामनं हेरलं, धुऊन पुसून घरोघर पोचवली आणि एका पैशाचा नफा घेतला नाही. गल्लीत त्याला मान होता तो या पिंपांचा.

मॅडम आल्या, अंडी ताटल्यांत मांडली आणि त्यांनी धोंडिरामला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. एका दाण्याचे दोन झाले होते, बघता बघता दोनाचे चार. दुसऱ्या दिवशी तर तो खुळावलाच. आत डोळ्यांचे दोन ठिपके, वळसा घालून बसलेली शेपटी, आणि मधोमध काहीतरी लुकलुक करत होतं.

"मॅडम, हे काय हाय? सारखं हलतंय की."

"काळीज आहे मामा. नोडी, नोडी." मॅडमना आनंद झाला की त्यांच्या तोंडी कन्नड यायची. "बघा, रक्त पळतंय."

धोंडिरामनं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काचेसारख्या अंगात कण धावत होते, आणि ते सुरू करायला कुणी बटण दाबलेलं नव्हतं. वर्गावर निघालेल्या दोन प्राध्यापकांना त्यानं हाताला धरून आत आणलं.

घरी त्याची लेक बुद्धप्रिया पाच महिन्यांची गरोदर होती. उलट्यांनी बेजार झाली म्हणून तिसऱ्याच महिन्यात नातेपुत्याहून माहेरी आली होती. तिला समोर बसवून त्यानं हातवारे करत सगळं दाखवलं आणि तुझ्या पोटातलंही आधी असंच होतं, असं ठासून सांगितलं. त्याची बायको केराबाई भडकली. नातवाला मासळी म्हणणारा आजोबा तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता. बुद्धप्रिया मात्र हसून हसून लोळली आणि पिंपातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्याली.

तिसऱ्या दिवशी मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या त्या उठेनातच. नाल्याच्या पाण्यातली पिल्लं वाकडी होती, ते अपेक्षितच होतं. पण चोख पाण्यातलीही तशीच. शेपट्या विळ्यासारख्या वळलेल्या, काळजाभोवती पाण्याची पिशवी फुगलेली, ठोके रेंगाळणारे. मॅडमनी ताटल्या बदलून बघितल्या, तापमान बघितलं. शेवटी म्हणाल्या की नर-मादीच रोगट असणार, ही जोडी काढून टाकू, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

धोंडिराम टाकीपाशी गेला. जोडी कशी मजेत फिरत होती. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेली आणि तिथेच थिजली. पिंप किती वेळा घासलं होतं ते त्याला आठवलं. पहिल्या दिवशी आत हात घातल्यावर बोटं बुळबुळीत झाली होती तेही आठवलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, साबण राहिला असेल.

त्या क्षणी त्याला पळवाट दिसली, खोटं कशाला बोलायचं. माशांवर खापर फुटलंच होतं. हे पिंप गुपचूप भंगारात घालावं, घरचं बदलावं, आपली लेक सुखरूप, आपला मान शाबूत. गल्लीत कुणाला पत्ता लागला नसता. पण शेजारच्या ईरप्पाच्या घरी सून दोन जिवांची होती, आणि तिकडेही पाण्याचं पिंप धोंडिरामनंच पोचवलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "माशांचा काय दोष न्हाय. पानी मी आनलेल्या पिंपातलं हाय. रंगाच्या कारखान्यातलं पिंप हाय ते."

मॅडम रागावतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की घरीही असलंच आहे का. तो हो म्हणाला, गल्लीतही घरटी एक आहे म्हणाला. त्यांनी लेकीला आजपासून त्यातला थेंबही देऊ नका असं बजावलं आणि घरचं पाणी बाटलीतून आणायला सांगितलं.

पुढच्या सकाळी त्याच जोडीनं पुन्हा अंडी घातली. या वेळी तीन ताटल्या. एकीत काचेच्या बरणीत उघडं ठेवलेलं नळाचं पाणी, दुसरीत प्रयोगशाळेतल्या पिंपाचं, तिसरीत धोंडिरामच्या घरचं. बुद्धप्रियासाठी त्यानं विकतचा जार आणून ठेवला आणि कारण विचारलं तर पिंपात अळ्या झाल्यात असं सांगितलं. तोंडात तीळ न भिजणारा माणूस, पण खात्री होईपर्यंत गल्लीला घाबरवायचं नाही म्हणून ते दिवस त्यानं पोटात दगड ठेवल्यासारखे काढले.

निकाल लागला तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. बरणीच्या पाण्यातली पिल्लं सरळसोट, सुईसारखी, धक्का लागला की सटकणारी. बाकी दोन्ही ताटल्यांत विळेच विळे. मॅडमना काय करू नि काय नको असं झालं. नाल्याचं पाणी नाल्यात असतं, हे तर माणसांच्या स्वयंपाकघरात आहे. सगळ्या गल्लीचं पाणी तपासायचं, महापालिकेला दाखवायचं, असं त्या भराभर बोलत सुटल्या. धोंडिरामलाही एकदा वाटलं, केवढी गोष्ट सापडली, आणि ती आपल्यामुळे. छाती भरून आली. लगेच घरचं पिंप डोळ्यांपुढे आलं.

"माझ्या लेकीचं काय हुईल, मॅडम?"

मॅडम भानावर आल्या. माशाचं अंडं पाण्यातच पडून असतं, माणसाच्या गर्भाला आईचं शरीर सांभाळतं, इथलं तिथं जसंच्या तसं लावता येत नाही, हे त्यांनी समजावलं. पण काही होणार नाही असा शब्द मात्र दिला नाही. त्या स्वतः बुद्धप्रियाला दवाखान्यात घेऊन गेल्या. सध्या सगळं ठीक दिसतंय, तरी दर महिन्याला येत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्यावरच आता प्रत्येक महिना काढायचा होता.

संध्याकाळी धोंडिराम गल्लीत दारोदार फिरला. जी बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळली असती तर गल्लीनं त्याला शिव्या दिल्या असत्या, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली. बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. ईरप्पा ओट्यावर बसला होता.

"तूच आनून दिलंस की रे," तो म्हणाला.

"व्हय. मीच दिलं."

ईरप्पानं उठून आपलं पिंप आडवं केलं. मग दुसऱ्या दारातलं आडवं झालं, मग तिसरं. तांदूळ धुतलेलं पाणीही जिथे झाडाला घालतात, त्या गल्लीतून भरल्या पिंपांचं पाणी गटारीकडे वाहत गेलं आणि कुणी बादली लावली नाही. जारवाल्याकडचे सगळे जार तासाभरात संपले. नळ यायला अजून दोन दिवस होते.

केराबाईनं कळशी विसळली आणि पदर खोचला. बुद्धप्रिया तिच्या हातून ती घ्यायला उठली, तेव्हा धोंडिरामनं दोघींनाही बसवलं आणि कळशी घेऊन तो निघाला.

पलीकडच्या गल्लीत हुसेनबीच्या घरी सिमेंटचा जुना हौद होता. तिच्या उंबऱ्याबाहेर तो थांबला. त्याचे वडील लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन असेच उभे राहत. कुणाला दया आली तर वरून ओतत. पाण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्यांनी मरेपर्यंत पोराला सांगितलं होतं. गल्लीत घरटी एक पिंप त्या एका वाक्यापायी आलं होतं, आणि हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"जरा पानी मिळंल का?" त्यानं विचारलं. "प्यायला पायजे."

हुसेनबी तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

"अंदर आव की भाई. नल उधर है, जितना होना उतना भर लेव."

धोंडिरामनं चपला काढल्या. आत जाऊन त्यानं आपल्या हातानं हौदाचा नळ सोडला आणि कळशी भरेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला.