आखाजीचा लोखंडी झोका

माझे बाबा, हिलाल, मनानं वाईट नाहीत. पण त्यांचं 'पुढच्या वर्षी' कधी उजाडलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, भावानं घेतलेली नवी साडी नेसतात आणि मनसोक्त झोका खेळतात. सखाराममामा दरवर्षी निंबाला दोर बांधायचा आणि आईला निरोप धाडायचा. आम्ही राहतो सुरतेतल्या भेस्तानला. बाबा कापडाच्या लूमवरून घरी आले की म्हणायचे, "एवढा मोठा झोका आठे सुरतले शे, तठे कसाले जास?" मग आईचं जाणं पुढच्या वर्षावर जायचं आणि मामाची साडी तेवढी भेस्तानला पोचायची.

हा मोठा झोका म्हणजे शहराबाहेरच्या पार्कातली रोलर कोस्टर. गाडी आधी मागे ओढत उंच नेतात आणि सोडून देतात. ती तीनदा माणसांना उलटं टांगते, समोरचा चढ चढते आणि त्याच रुळांवरून मागे मागे परत येते. हॉलंडच्या एका कंपनीनं चाळीसेक वर्षांपूर्वी ही रचना केली, असं मी मोबाइलवर वाचलं. जागा थोडी लागते म्हणून जगभरच्या पार्कांनी ती घेतली, सगळीकडे एका साच्यातल्या करंज्यांसारखी. आता बऱ्याच ठिकाणची भंगारात गेली. आमच्या सुरतेचीही याच महिन्यात जाणार होती. बाबांनी आईला तिच्यात एकदाही बसवलं नव्हतं.

दिवाळीनंतर मामा वारला. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, आईच्या माहेराला कुलूप लागलं. यंदा आखाजीला निरोप नाही, साडी नाही. बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी लूमवर खाडा केला आणि म्हणाले, "चाल व, झोका खेळू."

आईनं मामाची शेवटची साडी नेसली. वर्षभर तिनं तिची घडी मोडली नव्हती. गेटवर तिकिटं बघणाऱ्या भूपेंद्रभाईनं हात आडवा धरला. "साडी नहीं चाले, बेन. पैडामां भराई जाय." साडी चाकात अडकते, असं त्याचं म्हणणं.

शेजारीच पँट भाड्यानं मिळत होती. मी म्हटलं, एक आणते.

"भाऊनी साडी सोडीसन झोका?" आई म्हणाली. "नही. तुम्हीच बठा."

बाबा एकटेच जाऊन बसले. आई कठडा धरून उभी राहिली. गाडी मागे येऊ लागली तशी ती आखाजीचं गाणं गुणगुणू लागली. दोन ओळींत अडखळली. पुढचं तिला आठवेना. मला रडू आवरलं नाही.

बाबा उतरून आमच्याकडे आले. डोळे पुसत ते म्हणाले, "मी चुकनू व. पुढनी आखाजीले तुले माहेरले धाडसू, नक्की."

आईनं पदर नीट केला आणि त्यांच्याकडे बघत विचारलं, "कोना घर?"