घडीमागे

चैत्रातल्या त्या पांढऱ्याफटक दुपारी पाठक मॅडमच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा, कोरडा, एकच. जालन्यातल्या आमच्या रुग्णालयात दुर्बिणीने आतडं तपासणाऱ्या डॉक्टर त्या एकट्याच, आणि मी त्यांची परिचारिका.

समोर भगवान उभा होता, हातात सळई, एमआयडीसीतल्या भट्टीने रापलेला. दोन दिवसांपूर्वी बदनापुरात पेटवलेली वडिलांची चिता त्याच्या डोळ्यांत अजून धगधगत होती. दुर्बिणीच्या यंत्राच्या फुटलेल्या पडद्याच्या काचा पायांखाली करकरत होत्या.

"माझा बाप मारला तुम्ही! सगळं नॉर्मल हाय म्हणून लिहून देल्तं!"

मग बाहेरचे लोक धावून आले आणि हिंसेचा तो लोंढा उलटा फिरला. लाथा, बुक्क्या, सलाइनचा स्टँड, हाती येईल ते त्याच्यावर कोसळू लागलं. भिंतीला टेकलेल्या मॅडम, लोंबता हात छातीशी धरून, किंचाळल्या, "मारू नका त्याला! खरं बोलतोय तो."

खरंच होतं ते. तपासणीच्या दिवशी त्याच्या वडिलांचं आतडं पुरतं साफ झालेलं नव्हतं, बाहेर रांग खोळंबली होती, आणि शेवटच्या टोकापर्यंत नेलेली दुर्बीण मॅडमनी दोन-तीन मिनिटांत मागे ओढून घेतली होती. दीड वर्षाने कर्करोग निघाला. मी तेव्हा शेजारीच होते, आणि गप्प होते.

हात जुळून आल्यावर परतलेल्या मॅडम वेगळ्याच होत्या. पोट साफ नसलेल्या रुग्णाला शिव्याशाप ऐकून घेत परत पाठवत. दुर्बीण मागे घेताना मला घड्याळ पाहायला लावत. "सहा मिनिटं म्हणजे कमीत कमी, आशा. त्याआधी बाहेर आले तर अडव मला." पाणी मारत, रुग्णाला कुशीवरून उताणं करत, आतड्याच्या प्रत्येक घडीमागे त्या अशा डोकावत, जणू तिथे कुणी सुरा घेऊन दबा धरून बसलं आहे. पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी एखाद्या महिन्यात कमी सापडल्या, तर "नव्हत्याच, की मला दिसल्या नाहीत?" या प्रश्नाने त्या स्वतःलाच सोलत राहत.

जामिनावर सुटलेल्या भगवानला त्यांनीच निरोप धाडला: वडिलांना कर्करोग होता, तुझीही तपासणी हवी. तीन निरोप वाया गेले. चौथ्याला तो आला, खाली मान घालून.

उजव्या बाजूच्या आतड्यात, एका घडीआड, गोगलगायीसारखी चिकटलेली चपटी गाठ मॅडमना दिसली. अर्धवट गुंगीतला भगवान पडद्याकडे पाहत होता.

"बापालाबी असंच व्हतं का?"

"असंच असावं. मी पाहिलं नाही."

त्याची मूठ खाटेच्या दांड्याभोवती एवढी आवळली, की मी मागे सरले. मग तो म्हणाला, "काढा मंग. जल्दी न्हाई. बराबर बघून काढा."

मॅडमनी दुर्बिणीतून गाठीभोवती तारेचा फास टाकला, आवळला. मांस पांढरं पडून तुटलं, थोडं रक्त आलं, थांबलं. गाठ कर्करोगाची नव्हती, पण त्याच वाटेवर निघालेली होती.

पुढे ते मनगट आखडतच गेलं, मॅडमनी काम सोडलं, आणि गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तिरडीला खांदा द्यायला भगवान पुढे झाला तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही. माणूस निघून गेलं, की त्याचा अपराध आणि त्याचं प्रायश्चित्त काळ एकत्रच कालवून टाकतो, आणि मागे उरलेल्यांना ते तसंच, निवडून वेगळं न करता, आठवत राहावं लागतं.