पेवावरचा हौद

महांतप्पाला गावात सगळे हुशार म्हणत आणि त्याची बायको शांतम्मा त्या हुशारीला भीत असे. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या सालात तिची भीती खरी ठरली. येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात सरकारी माणसं घरोघर फिरून ज्वारी नेत होती आणि मागं ठेवत होती ती पाखरांनाही पुरली नसती. म्हणून महांतप्पानं आळीतल्या सगळ्या घरांची उरलीसुरली ज्वारी आपल्या परसातल्या पेवात ओतून घेतली. मुरमात खणलेलं आजोबाच्या वेळचं ते खोल पेव कोरडं ठणठणीत होतं, पण त्याचं तोंड झाकायचं कसं? वर माती लोटली तर नवी माती आंधळ्यालाही ओळखू येते. मग त्यानं डोकं चालवलं. तोंडावर घडीव दगडांचा उंच हौद बांधायचा, भोवती कण्हेर अन् मोगरा लावायचा, आणि महादेवाच्या फुलांसाठी बाग केली म्हणून सांगायचं.

बब्रुवान गवंड्यानं कंबरेएवढ्या भिंती उभ्या केल्या. भिंती दिसणार होत्या, म्हणून त्यांचे सांधे त्यानं चुन्यानं नीट भरले. तळाच्या फरश्या मात्र नुसत्या मातीत बसवल्या, कारण गरज पडली की त्याच उचलून ज्वारी काढायची होती. पाण्याचं काय, असं शांतम्मानं विचारलं, तेव्हा महांतप्पा हसला. पाणी भरतंय कोण, चुना अजून वाळतोय म्हणून सांगू, म्हणाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. तिला धीर झाला नाही.

मग लेव्हीचे साहेब आले आणि आसपासच्या गावांची वसुली होईस्तोवर महांतप्पाच्याच ओसरीवर उतरले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तो शांत होता, हैद्राबादेकडचा होता, आणि त्याच्या वडिलांच्या घरी असाच हौद होता. एवढा देखणा हौद कोरडा पाहून तो हळहळला. महांतप्पानं चुन्याची सबब सांगितली. साहेबानं भिंतीवर नख ओढून पाहिलं, चुना कधीच वाळला होता. त्यानं आपल्याच माणसांना विहिरीवर पाठवलं आणि दुपारपर्यंत हौद काठोकाठ भरून घेतला. मग काठावर बसून त्यानं पाण्यात हात घातला आणि लेकराला जोजवावं तसं ते हलवत राहिला. शांतम्मा चुलीपाशी बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून शेजारच्या गावाला गेला, तेव्हा पाणी हातभर उतरलं होतं. महांतप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब परतायच्या आत हौद भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर तो विचारणार, पाणी गेलं कुठं? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली. पाणी ओतावं तर ज्वारी बुडते आणि न ओतावं तर घर बुडतं. महांतप्पा आडात दोर सोडून पाणी शेंदू लागला आणि घागरी उचलून शांतम्मा ओतू लागली. प्रत्येक घागरीबरोबर तिला वाटे, ही गेली शेजारच्या गजराबाईच्या ज्वारीवर, ही पलीकडच्या बाळंतिणीच्या ताटात. गजराबाई कुंपणाशी आली. तिचीही ज्वारी खाली होती. पदर खोचला, घागर घेतली आणि तीही ओतू लागली. शांतम्माला तिच्याकडं बघवेना.

दुपार कलल्यावर फरश्यांच्या खालून वास आला. भिजून आंबलेल्या दाण्याचा वास, कुठल्याही बाईला लगेच कळणारा. शांतम्मानं घागर खाली ठेवली आणि आता पुरे, असं नवऱ्याला सांगितलं. त्यानं तिला वेड्यात काढलं. साहेबानं पाहिलं तर आपल्याला कळंबच्या तुरुंगात घालतील, म्हणाला.

“जावा मग,” ती म्हणाली. “तिथं भाकर तरी मिळंल. हितं आपल्याच हातानं आपुन समद्यांच्या तोंडातली बुडवायलोत.”

ओसरीतली पहार घेऊन ती हौदाशी गेली. साहेब परसाच्या दारात घोड्यावरून उतरत होता. त्याच्या देखत तिनं भिंतीच्या सांध्यात पहार घातली आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. दगड निखळला. पाणी परसभर पसरलं, साहेबाच्या बुटांवरून गेलं. तो काही बोलायच्या आत ती आत उतरून फरश्या उपसू लागली.

“साहेब, खालची अजून कोरडी हाय,” ती म्हणाली. “आदी काडू द्या. मग काय करायचं ते करा.”

साहेबानं पाण्याकडं पाहिलं, पेवाकडं पाहिलं. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि शांतम्माला त्याचीच जास्त चीड आली. पेवात कोंडलेली वाफ जीवघेणी असते, ती निघून जाईस्तोवर सगळे काठावर थांबले. मग साहेबाची माणसं खाली उतरली. वरची भिजलेली ज्वारी आधी बाहेर आली आणि तिच्याखालची कोरडी, पिवळसर, खणखणीत निघाली. शांतम्माचा जीव भांड्यात पडला. वाचली, म्हणाली ती. कुणाच्या का होईना, पोटात जाईल.

कोरडी सगळी सरकारी गाड्यांत गेली. गाडीमागं, हात बांधलेला महांतप्पा गेला. त्यानं वळून शांतम्माकडं पाहिलं. भिजलेली ज्वारी सरकारला चालत नव्हती, ती तिथंच टाकून गेले.

आळीतल्या बायका जमल्या. त्यांनी ती आंबूस, फुगलेली ज्वारी वाटून घेतली आणि अंगणाअंगणात पसरली. दळून तिची आंबील होणार होती, आठवडाभर पुरणार होती. ज्याला त्याला ओंजळी ओंजळीनं मिळाली. गजराबाई आपल्या वाट्यातले खडे वेचत बराच वेळ बसली होती.

“शांतम्मा,” ती वर न बघता म्हणाली, “आपुन आनकी घागरी वतायला पायजे हुत्या.”