दोरा धरणारे दात

सलमानं उजव्या पायातली चप्पल काढली, अंगठ्याला रेशमाचा दुपदरी दोरा अडकवला आणि दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावरचा पहिला जबडा उचलला. वरचे-खालचे दात दोऱ्यावर मिटवले, मुठीत आवळले आणि ओढलं. वरची कवळी टक्कन निघाली, फरशीवर पडली आणि घरंगळत वजनकाट्याखाली गेली.

"हे न्हाय चालत," ती म्हणाली.

"अम्मा!" तिची लेक शबनूर खुर्चीतून उठली. "अगं नमुना हाय त्यो! दुकानातली वांगी हायत व्हय दाबून बघायला?"

"राहू द्या, राहू द्या," म्हणत डॉक्टर सौमित्र गुडघ्यावर बसले आणि पट्टीनं कवळी बाहेर ओढू लागले. तिशीतले असतील. तीन दिवसांतले हे तिसरे डॉक्टर. पहिल्यांकडे अम्मानं दोरा दाराच्या कडीला बांधला होता. दुसऱ्यांनी जबड्याला हातच लावू दिला नव्हता, म्हणून ते डॉक्टर तिला आवडले नव्हते.

"मावशी, तोंडात हे बटणांवर घट्ट बसतं. जेवताना हलणार नाही."

"मी जेवायचं इचारतच न्हाय."

शबनूरनं डोळे मिटून घेतले. वारणानगरच्या कॉलेजात ती औषधनिर्माणशास्त्र शिकवायची. साठ पोरांच्या वर्गाला गप्प करायची. पर्समधल्या वहीत तिनं तीन रकाने आखले होते. पहिल्यात काढता-घालता येणारे दात : हाडात चार स्क्रू, वर बटणं, रात्री काढून धुवायचे. दुसऱ्यात कायमचे बसवलेले, धातूच्या पट्टीवर ॲक्रिलिकचे. जरा मऊ, काही वर्षांनी झिजले की बदलायचे. तिसऱ्यात झिर्कोनियाचे, तेही कायमचे, एकसंध, दगडासारखे. तिसऱ्या रकान्याभोवती शबनूरनं पहिल्याच दिवशी चौकट काढली होती. आईला एकदाच काय ते चांगलं द्यायचं, ही तिची जिद्द. अम्माच्या लेखी मात्र त्या वहीची किंमत शून्य होती.

अम्मानं तोवर दुसरा जबडा घेतला. दोरा धरला, ओढला, दातांवर बोट फिरवलं. तिसरा घेतला. दोरा सुळकन निसटला.

"ह्यो तर ओल्या मासळीगत. ह्याला पकड न्हाय."

"पकड कशाला पायजे?" शबनूर म्हणाली. "तुला दात पायजेत का पक्कड?"

अम्मानं तिच्याकडं पाहिलंच नाही. डॉक्टरांना म्हणाली, "तुमी सांगा. ह्यातला कंचा दोरा धरंल?"

डॉक्टर सौमित्र खुर्चीत बसले. पटवेगारांच्या घरातली ही बाई, हे त्यांना कागदावरच्या आडनावावरून कळलं होतं. पण पटवेगार दातांनी काय करतात ते आत्ता दिसत होतं. गुजरीतल्या सराफाकडून साज घडून येतो तो नुसती पानं आणि मणी, कापडात बांधलेले. ते दोऱ्यात गुंफले की गळ्याचे होतात. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत, म्हणजे दोन्ही हात गाठी मारायला मोकळे. सलमाच्या सासरी चार पिढ्या हेच काम. चाळीस वर्षांत तिच्या वरच्या दोन दातांना दोऱ्यानं खाच पाडली. मग हिरड्या सुटल्या, आणि गेल्या वर्षभरात वरची ओळच्या ओळ गेली. खालचे दात अजून तिचे होते.

"मावशी, खरं सांगू? कुठल्याच दातानं दोरा ओढायचा नाही. रोज पुढून असा ताण बसला तर हाड स्क्रू धरून ठेवणार नाही." त्यांनी स्वतःच्या दातावर बोट ठेवलं. "आणि आपल्या दाताच्या मुळाशी जाणीव असते. भाकरीत बारीक खडा आला तरी लगेच कळतं ना? हे दात पक्के असतात, पण त्यांना तसं कळत नाही."

अम्मानं तिन्ही जबडे एका रांगेत नीट लावून ठेवले. अंगठ्यातला दोरा सोडला, बोटांवर गुंडाळला, चोळीत खोचला.

"मग तिन्ही सारखंच की," ती म्हणाली आणि चप्पल घालू लागली.

"सारखे कसे? अम्मा, सारखे कसे?" शबनूरनं वही उघडून तिच्यासमोर धरली.

डॉक्टर म्हणाले, "पाचपर्यंत मला फोनवर कळवा. संध्याकाळी तुम्ही परत जाणार, तर मापं आजच पुढं पाठवतो."

राजारामपुरीतून घरी निघाल्या तेव्हा अम्मा गाडीवर मागं बसली होती. सिग्नलला शबनूरनं मान वळवून विचारलं, "तुला दातच नको हायत का? तसं सांग. तीन दिवस रजा टाकून मी काय झक मारतोय?"

"हिरवा लागला," अम्मा म्हणाली.

गुजरीमागच्या गल्लीत, त्यांच्या दाराशी, पायरीवर एक बाई बसली होती. गुडघ्याशी पिशवी, पदर कमरेला खोचलेला. गडहिंग्लजच्या आक्का. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला साज अम्माच्या सासूनं गुंफला होता. दोन वर्षांपूर्वी थोरलीचा अम्मानं. आता धाकट्या स्वप्नालीचं लग्न परवावर आलं होतं आणि साजाची पानं तीन आठवडे अम्माच्या कपाटात तशीच पडून होती.

"पैल्या गाडीनं आलतो," आक्का म्हणाल्या. "सलमा, आज साज घेतल्याबिगर ह्या पायरीवरनं उठत न्हाय बघ."

"दात बसलं की देतो म्हनलं हुतं की."

"तुझं दात बसस्तोवर माझ्या पोरीला पोरं हुतील! दे माझी पानं. तितं दुकानात तारंत ओवून देत्यात, धा मिंटात."

अम्माच्या हातातली किल्ली कुलुपातच थांबली.

"तारंत?" ती म्हणाली. "तार टोचती गळ्याला. नवी पोरगी, दिसभर मान खाली घालून बसनार. आत ये."

शबनूरला वाटलं, बरं झालं. मागच्या महिन्यात तिनं आईसाठी एक चिमटा मागवला होता, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, पोलादी, जबड्याला रबर लावलेला. दातांचं काम करेल असा. अम्मानं तो मसाल्याच्या धुतलेल्या डब्यात टाकून दिला होता. शबनूरनं तो शोधून काढला, पाटाच्या कडेला आवळला आणि विजयानं बाजूला सरली.

"घे. ह्याला हिरड्या न्हाईत, काय न्हाई. धर म्हटलं की धरतो."

अम्मानं अंगठ्याला दोरा लावला, दुसरं टोक चिमट्यात दिलं. पानं ओवली : शंख, मासा, कासव, मध्ये जवाएवढे सोन्याचे मणी. चौथ्या पानाला तिनं गाठ ओढली, आणि रेशीम चिमट्याच्या तोंडाशी कट् करून तुटलं. मणी पाटावर, पाटावरून चटईवर, चटईवरून आक्कांच्या पिशवीखाली.

"अगं आई गं, सोनं माझं!" आक्का चटईवर पालथ्या पडल्या.

तिघी ओणव्या होऊन मणी वेचू लागल्या. शबनूरचा संताप आता चिमट्यावर होता, डॉक्टरांवर होता, वहीतल्या त्या नीटस चौकटीवर होता. "एवढा पोलादी, नि साधा दोरा तोडतो," ती पुटपुटली.

"त्याला कुटं कळतंय कवा ढिलं सोडायचं," अम्मा म्हणाली. तिनं मणी मोजून वाटीत टाकले आणि नवा दोरा घेतला. अंगठ्याला अडकवला. दुसरं टोक हातात धरून ती तशीच बसून राहिली. तोंडाकडं नेलं, तिथून परत आणलं. मग ते टोक तिनं पुढं केलं.

"धर."

"काय?"

"दातात धर. पुढच्या. जीब मागं ठेव. आनि बोलू नगंस."

शबनूर बोलणार होती. मला येत नाही, मी पटवेगारीण नाही, माझी सहाची एसटी आहे, असं बरंच. पण दोरा ओठांना लागला आणि तिनं तोंड मिटलं. आईसमोर मांडी घालून, मान पुढं काढून ती बसली. रेशमाला हळदीचा आणि मेणाचा वास होता. अम्माच्या अंगठ्यापासून तिच्या दातांपर्यंत दोरा ताणला गेला आणि मध्ये अम्माचे हात चालू लागले.

पहिली गाठ बसली ती शबनूरला दाताच्या मुळाशी कळली. बारीक टिचकी मारल्यासारखी. दुसरी जरा जास्त ओढ घेऊन आली. रेशीम कुरकुरलं, आणि तिनं नकळत मान तसूभर पुढं दिली. ओढ सैल झाली. गाठ जागेवर बसली.

"हां," अम्मा म्हणाली. वर न बघता.

मग ती गाऊ लागली. चाल शबनूरच्या ओळखीची होती. लहानपणी शाळेतून आलं की घरात ही चाल असायचीच. पण नुसती नाकातून, हूं-हूं करत, कारण अम्माच्या दातांत दोरा असायचा. तिला शब्द आहेत, हे शबनूर आज पहिल्यांदा ऐकत होती.

एकवीस पानं बाई, एका दोऱ्यानं धरली
सोन्यापरास रेशमाची गाठ जल्माला पुरली

"तुझी सासू बी हेच म्हनायची," आक्का म्हणाल्या. "शब्द आज कळलं मला बी."

अम्मा लाजली. दात नसलेल्या वरच्या ओठावर तिनं पदर धरला, मग काम आहे हे आठवून सोडला.

पर्समध्ये फोन वाजला. शबनूर हलली तशी अम्मानं मांडीवर चापट मारली आणि आक्कांना खुणावलं. आक्कांनी फोन काढून अम्माच्या कानाला लावला.

"बोला डाक्टर. व्हय, मीच. ती हाय, पर तिला बोलता येत न्हाय." पलीकडून काही विचारलं गेलं. अम्माचे हात थांबले नाहीत. "त्यो मधला. मऊ हाय त्यो. खालचं दात अजून माजं हायत, दगूड कशाला आपटायचा त्यांच्यावर? व्हय, कायमचाच. जेवायलाच तर पायजे. दुसऱ्या कामाचं माजं मी बघतो."

शबनूरच्या कपाळावर आठी चढली. तीन दिवस. तीन डॉक्टर. तीन रकाने. तिनं घशातून आवाज काढला. अम्मानं डोळे वटारले.

उरलेली पानं झाली. मधोमध ताईत बसला. अम्मानं शेवटची गाठ दोनदा घेतली, थुंकी लावून दाबली, आणि साज दोन्ही हातांनी उचलून धरला. एकवीस पानं एकमेकांना चिकटून उजेडात हलली. आक्कांनी हात जोडले, मग डोळे पुसले, आणि लगेच त्यांचा तो खणखणीत आवाज परत आला.

"झ्याक. पर सलमा, माझ्या धाकट्या जावंच्या पोरीचं बी ठरलंय. म्होरल्या महिन्यात तिचा साज घिऊन येतो. तवा दात कुनाचं?"

कात्री शोधायला अम्मानं पाटाखाली हात घातला. कात्री मिळाली, तरी ती उगाच चाचपत राहिली.

आक्का एकीकडून दुसरीकडं बघत होत्या. शेवटी अम्मा म्हणाली, "झालं पोरी. सोड आता. तुजी यष्टी चुकंल."

शबनूरनं मान हलवली. दोरा तिच्या दातांत तसाच होता. एक हात पुढं करून तिनं आक्कांकडून फोन घेतला, मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं पुढल्या महिन्याचे रविवार बघायला लागली.