बाळंतिणीच्या खोलीतली पेटी

गावदेवीच्या पायावर हात ठेवून, घसा फाडून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय.

रशियानं आभाळात गोळा सोडला, त्याच्या दुसऱ्या वर्षी दहिवलीच्या माळावर हा एवढा फुगा पडला. खाली दोरीला लाकडी पेटी. पेटीवरची चिठ्ठी श्रीपत मास्तरानं वाचली: उघडू नका, आतल्या फोटोच्या काचांना उजेड लागला तर सगळं काम वाया, मुंबईला कळवा. मास्तर मुंबईला गेला आन पेटी ऱ्हायली येसूबाई सुईणीच्या ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला उनाड गजा तीन बैलगाड्या भरून माणसं घेऊन आला, पार शेलू गावापासनं.

"आजी, ही पेटी आभाळात वर जाऊन आलीय. उद्या बडी माणसं वर सहलीला जातील, आपल्याला कोण नेतंय? आत तरी बघू दे."

एकानं झाकणाखाली कोयत्याचं टोक घातलंसुद्धा. येसूबाईनं कोयता बाजूला सारला. दोनशे पोरं तिच्या हातावर आलेली. वेळेआधी उजेडात ओढलं की काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाव?

तिनं पेटी उचलली, आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली, दाराला गोधडी टांगली, वर लिंबाचा डहाळा.

"आत बाळंतीण हाय. पाचवीपतोर उंबरा ओलांडायचा नाय."

"कोण गं बाळंत झालं?" शेजारची पारूबाई.

"मी."

"साठीला?"

"तुला काय जळायचं त्यात?"

माणसं हसली, पण बापये मागं सरले. बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरंल? पारूबाई मात्र हट्टी. कंदील घेऊन तिनं गोधडीला हात घातला, आन आत पेटी टॅहँ करून रडली. पारूबाई अंगणापतोर मागं गेली.

तिसऱ्या दिवशी मुंबईचा सहदेव आला, फुगा सोडणारा, पेटीचा मालक म्हणा.

"बॅटरी भायेर ठेव, बाबा," येसूबाई म्हणाली.

अंधारात त्यानं बोटांनी लाखेचं सील चाचपलं. शाबूत.

"यात तीन वर्षं घातलीत, आजी. आन या कामातनं पुढं खरंच लोक हौसेनं आभाळात जातील."

"जाऊ देत की. पण तुमच्या काचांच्या अंधाऱ्या खोलीच्या दारात एक सुईण बसवा."

आता एवढं एक रचलेलं: पेटी रडली नव्हती. रडली येसूबाई, गोधडीमागं उशीत तोंड खुपसून. पण पाचवीला पारूबाईनं पेटीसाठी शिवलेलं झबलं सहदेवाला टपालानं गेलं, ते खरं.